राजाचा हात

१

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको, की सिप्रियानो मायता संतापाच्या भरात काहीबाही बरळला. संताप आहेच. पण जे सांगतोय ते मी सकाळच्या उजेडात, पोटात गरम लापशी घालून, चांगल्या शुद्धीत पाहिलेलं आहे.

धंदा माझा चिताऱ्याचा. कुस्कोत बारा वर्षं संतांचे चेहरे रंगवले आणि मग आमच्या कोल्पाबांबाला परत आलो. गाव डोंगरातलं. चौकात चर्च, चर्चसमोर नगरसभेची दुमजली इमारत. वर सभागृह, खाली तुरुंग. सभागृहाच्या टोकाला तीन पायऱ्यांचा चौथरा, त्यावर लाल छत आणि छताखाली एक खुर्ची. त्या खुर्चीवर कधी कुणी बसलेलं नाही. ती राजाची.

राजा समुद्रापलीकडे. तो कधी आला नाही, त्याचा बाप आला नाही, आजाही आला नाही. तरी त्या खुर्चीवरची धूळ रोज पुसायची आणि तिच्यासमोरून जाताना टोपी काढायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या राजाला तर शेळ्या कशा दिसतात तेही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर लीमाहून फर्मान आलं. जुन्या राजानं गादी सोडली, त्याचा सतरा वर्षांचा मुलगा राजा झाला. आता गावोगावी त्याच्या नावानं शपथ घ्यायची. शपथेला राजा समोर हवा, आणि राजा नसेल तर त्याचं चित्र तरी हवं, असा रिवाज.

जिल्ह्याचे अंमलदार गास्पारसाहेब. हातात कायम चांदीच्या मुठीची काठी, हुद्द्याची खूण म्हणून. त्यांनी मला सभागृहात बोलावलं.

"अरे चिताऱ्या, राजा काढशील?"

"पाहिलेला नाही सरकार."

"संत पाहिले होतेस?"

"नाही."

"मग?" ते हसले. मग काठीनं जमिनीवर ठोकलं. तिथंच खाली, बरोबर त्या फरशीखाली, माझा धाकटा भाऊ लिनो बेड्यांत होता. "शपथेच्या दिवशी राजाच्या नावानं एक कैदी सोडायचा असतो. चित्र चांगलं झालं तर तो कैदी कोण, ते मी ठरवीन."

२

लिनोचा गुन्हा काय? नाही म्हणाला, हा.

आमच्याकडे मिता असते. राजाच्या खाणीवर गावातल्या माणसांनी सक्तीनं घालायची पाळी. आमच्या गावाच्या वाट्याला वांकाव्हेलिकाची पाऱ्याची खाण आली. लिनो एक पाळी भरून जिवंत परत आला होता, आणि ते बघून त्याचं नाव पुन्हा लिहिलं. त्यानं लेखनिकाच्या टेबलावरची दौत कागदांवर पालथी केली आणि म्हणाला, "आता वाचून दाखव माझं नाव." झालं. आता दुप्पट पाळी. एका पाळीत माणसाचे दात जातात. दुसऱ्या पाळीहून परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तर मी कामाला लागलो. रोज सकाळी सभागृह उघडायचं, खिडक्या लोटायच्या, चौथऱ्यावरच्या चौकटीवरचा पडदा सारायचा, रंग घोटायचे. झग्याचा लाल रंग हिंगुळाचा, आणि हिंगूळ येतो त्याच पाऱ्याच्या खाणीतून. राजाला सजवायला मी जो दगड घोटत होतो तो कदाचित माझ्या भावानंच खणला असेल. घोटताना माझे दात करकर वाजत.

चेहऱ्यासाठी लीमाहून चार ओळी आल्या होत्या. केस पिवळे, नाक लांब, खालचा ओठ जाड, वर्ण गोरा.

तुरुंगाचा पहारेकरी साबिनो मला म्हणाला, "लांब नाक आणि जाड ओठ? मग आमची खेचरं काय वाईट आहेत, चितारीबुवा?"

चेहरा जमवला मी कसाबसा. हात मात्र मनानं काढता येत नाही. हाताला माणूस लागतो. मी साबिनोला कोकाच्या पानांची पुरचुंडी दिली, खाली गेलो आणि गजांतून लिनोला म्हणालो, "हात बाहेर काढ."

"कशाला? तोडणार की काय?"

"राजाला लावायचाय."

लिनो विणकर. बोटं लांब, निमुळती, आणि हात असा स्थिर की धाग्यावर धागा ठेवला तरी चुकायचा नाही. दोन सकाळी तो गजांतून हात काढून बसला आणि मी तो कागदावर उतरवला.

"दादा," तो म्हणाला, "बाकी राजा त्यांचा, पण एवढा हात आपला, काय?"

"गप बस. बोटं हलवू नकोस."

३

ऑगस्टच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी पहिला ठिपका दिसला.

मी नेहमीसारखा पडदा सारला. राजाच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, मसुराच्या दाण्याएवढा तांबूस डाग. मी म्हटलं, ब्रश झटकला असेल. पुसला. लाल रंग बोटाला लागला नाही. डाग आतून आला होता.

आता मी काही शकुन-अपशकुन बघणारा माणूस नाही. सफेदा वाईट असला की रंग फुटतो. जवसाच्या तेलात भेसळ असली की फोड येतात. भिंतीला ओल असली की कापड फुगतं. मी सगळं तपासलं. सफेदा बदलला. तेल पुन्हा उकळून गाळलं. चौकट भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. डाग खरवडून वर नवा रंग चढवला, आणि पडदा टाकून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सात होते. कपाळावर चार, गालांवर तीन.

नुसत्या चेहऱ्यावर. झगा स्वच्छ, हात स्वच्छ. तेच तेल, तोच सफेदा, तीच भिंत. मी मनाला म्हटलं, सिप्रियानो, ओल काय नाकडोळे बघून लागते?

तिसऱ्या दिवशी खिडकीशी उभा राहून रंग घोटत होतो. सभागृहात दुसरं कुणी नव्हतं. खालून लिनोचा खोकला येत होता, तो माझ्या सवयीचा. त्यात दुसरा एक आवाज मिसळला. अगदी बारीक. टप. मग थांबून पुन्हा, टप. तापल्या तव्यावर मक्याचा दाणा फुटण्याआधी हलतो ना, तसा. मी चित्राजवळ गेलो. गालावरचा एक ठिपका रंग उचलून वर आला होता. मी बघत असताना त्याच्या शेजारचा आला.

४

मला ते ओळखायला एवढे दिवस लागायला नको होते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गावात देवीच्या रोगाची साथ आली. माझी बायको गेली, दोन्ही मुली गेल्या. तिघींना माझ्या हातानं पाणी पाजलं, माझ्या हातानं मातीत ठेवलं. पहिल्या दिवशी ठिपके, मग ते वर येतात, मग त्यांत पाणी भरतं, मग पू, आणि मधोमध खळगी पडते. हा क्रम मला पाठ आहे. म्हातारे सांगत की या डोंगरांत हा रोग नव्हताच. समुद्रापलीकडून आलेल्या गलबतांतून तो उतरला, राजाच्या झेंड्याच्या बरोबरीनं.

आठव्या दिवशी चित्रातल्या चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. एकेक फोड भरलेला, मधे खळगी. पापण्या सुजलेल्या. मी डोळे उघडे काढले होते, शपथेवर सांगतो. आणि वास. जवसाच्या तेलाचा नव्हे. गोडूस, नासका. हा वास ज्यानं घरात एकदा घेतला तो दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत करत नाही. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

तरीही बुद्धी सोडत नव्हती. म्हटलं, तुझं दुःख तुझ्या हातातून उतरतंय. तूच रंगवतोस हे, आणि तुलाच आठवत नाही. म्हणून मी ब्रश, रंग, सगळं घरी नेलं, आणि चित्रावरचा पडदा चारी बाजूंनी सुईनं टाचून टाकला. सांता रोसाचा सण आला. त्या दिवशी काम नाही.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टच्या शेवटच्या तारखेला, टाके उसवले. टाके माझेच होते, कुणी हात लावलेला नव्हता.

फोड बसले होते. सूजही उतरली होती. चेहरा अगदी शांत, आणि रंग राखेचा. डोळे मिटलेले होते. मी माझ्या धाकटीचं तोंड शेवटी धुतलं तेव्हा ती अशीच दिसत होती.

मी टोपी काढली. राजासाठी नव्हे. पोर होतं म्हणून.

५

लिनोची बायको आसुंता. जिभेची तिखट आणि मनानं लोखंड. तिला सगळं सांगितलं. ती मका भाजत होती. तिनं हात थांबवला नाही.

"राजा मेला म्हणता?"

"मेला."

"आणि हे इथं कुणाला ठाऊक?"

"मला. आणि आता तुला."

"मग झालं तर. तोंडाला कुलूप लावा, भाऊजी." तिनं तवा उतरवला. "राजाचं मरण तोंडावाटे काढलंत तर तुमची मान जाईल, आणि लिनो खाणीत जाईल. मेलाय ना तो? मेलेल्याला काय घाई आहे? आधी माझा माणूस सुटू दे, मग मरू दे त्याला सावकाश."

"पण आसुंता, मेलेल्याच्या नावानं..."

"जिवंत होता तेव्हा काय दिवे लावले त्यानं?"

गावात रोज त्याच्या नावानं कारभार चालला होता. सप्टेंबरात खाणीवरची पाळी निघाली, आमची बावीस माणसं दोराला बांधून नेली. लेखनिकानं चौकात वाचलं, "महाराजांच्या इच्छेनं." मी गर्दीत उभा होतो. महाराजांची इच्छा! त्या पोराचे डोळे कधीच मिटले होते आणि त्याची इच्छा मात्र टाचा घासत आमच्या चौकातून चालली होती. असा संताप आला की मी भिंतीवर मूठ आपटली. अजून दुखते ती थंडीत.

६

शपथविधी ठरला नाताळच्या आधीच्या रविवारी. सप्टेंबर ते डिसेंबर मी तो चेहरा किती वेळा रंगवला याची गणती नाही. डोळे उघडे काढावेत, गालावर गुलाबी चढवावा, आणि सकाळी पडदा सारावा तर डोळे मिटलेले, गाल राखेचे. शेवटी मी नाद सोडला आणि विधीच्याच दिवशी सकाळी घाईघाईनं एक चेहरा चढवला. म्हटलं, संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुरे.

गास्पारसाहेबांनी चित्र बघितलं. "देखणा आहे! नाक कुणाचं घेतलंस?"

"फर्मानातलं, सरकार."

सारा गाव दाटला होता. साहेबांनी झेंडा तीनदा हलवला आणि तीनदा ओरडले, "राजासाठी!" आम्हीही ओरडलो. राजा बोले दळ हाले म्हणतात. इथं राजा मरून चार महिने झाले तरी दळ हालत होतं. मग साहेब पायऱ्या चढले आणि वाकून चित्रातल्या हाताचं चुंबन घेतलं. तो मान फक्त अंमलदाराचा, आणि त्या दिवशी सुटणाऱ्या कैद्याचा.

लिनोची बेडी काढली. माफीचा कागद वाचला, त्यावर लाखेची मोहोर. लिनो लंगडत वर गेला, गुडघे टेकले आणि त्या हाताला ओठ लावले. वाकलेला तसाच राहिला. साबिनोनं त्याला ओढून उभा केला तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

खाली येताना माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, माझाच हात मला चाटायला लावलास की रे."

"मग तोंड असं का झालंय?"

"हात ऊन होता." त्यानं ओठ पुसले. "आणि वर तोंडाकडे बघितलं तर... तो मेलेला आहे ना, दादा?"

मी त्याला दंडाला धरून बाहेर उन्हात नेलं.

७

तो चार महिने घरी होता. मागावर बसला, दोन घोंगड्या विणल्या. पण दर आठ दिवसांनी म्हणायचा, "दादा, मी आणि आसुंता वरच्या डोंगरात निघून जातो. तिकडे माणसं आहेत, सामावून घेतील."

आणि मी, शहाणा, कुस्को बघितलेला, त्याला म्हणायचो, "वेडा आहेस? कागद आहे, मोहोर आहे. पळून गेलास तर पुन्हा गुन्हेगार होशील." मला ठाऊक होतं राजा मेलाय. सबंध जिल्ह्यात फक्त मला आणि आसुंताला ठाऊक होतं. आणि तरी मी त्याच्या मोहोरेवर भरवसा ठेवला! याचा राग मी दुसऱ्या कुणावर काढू?

ईस्टर उलटल्यावर बातमी आली. वरातीमागून घोडं. मोठी घंटा तीन दिवस वाजत होती. चौकात पत्र वाचलं: तरुण महाराज ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी देवीच्या रोगानं निवर्तले. त्यांच्या वडिलांनी पुन्हा गादी घेतली. सगळ्यांनी काळे कपडे घालावेत.

तिसऱ्या दिवशी, घंटा चालू असतानाच, लिनोला मागावरून उठवून नेलं. मी सभागृहात धावलो.

गास्पारसाहेब म्हणाले, "हिशेब सोपा आहे, चिताऱ्या. राजा गेला ऑगस्टात. माफी डिसेंबरातली. मेलेला माणूस माफी कशी देईल?"

"मग सप्टेंबरात त्याच्या नावानं बावीस माणसं नेलीत. मेलेला माणूस माणसं कशी नेईल?"

"ते वेगळं. मिता राज्याची असते. राज्य मरत नाही. माफी ही राजाच्या मनातली गोष्ट. मन मेलं की माफी मेली."

"आणि आम्ही शपथ घेतली ती?"

"ती लागू आहे."

मी म्हणालो, "म्हणजे राजाची दया तेवढी मरते आणि भूक जिवंत राहते, असंच ना सरकार?"

त्यांनी काठी उचलली आणि माझ्या तोंडावर मारली. दोन दात गेले. त्याचं मला काही वाटलं नाही. एप्रिलच्या शेवटी लिनोला दोराला बांधून नेलं. जाताना तो हसला आणि बांधलेला हात जेमतेम वर केला. म्हणाला, "वर एक ठेवलाय बघ, दादा. लक्ष ठेव."

८

साहेब काटकसरी. म्हाताऱ्या राजासाठी नवं कापड कशाला? "चेहरा खरवड, बापाचा चढव. झगा तोच राहू दे. हात तर फारच छान आहे, त्याला धक्का लावू नकोस."

नाही म्हणण्याची ताकद माझ्यात नव्हती. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलं होतं. सुरी घेऊन चेहरा खरवडला. रंगाचा चुरा पडायला हवा होता, पण गोल गोल खपल्या पडल्या. मी त्या वेचल्या आणि चर्चमागे, माझ्या मुलींच्या शेजारी पुरल्या. का, ते विचारू नका.

म्हाताऱ्या राजाचा चेहरा मात्र एका झटक्यात बसला. दोन आठवडे झाले, ठिपका नाही, डाग नाही. ठणठणीत. काम संपलं म्हणून मी ब्रश धुतले.

जूनमध्ये साहेबांचा निरोप आला. "हात पुसट झालाय. काय भिकार रंग वापरलास?"

मी गेलो. हाताच्या कडा एकेरी राहिल्या नव्हत्या. एका बोटाच्या शेजारी त्याच बोटाची दुसरी फिकी कड, तिच्याशेजारी तिसरी. मी म्हटलं, तेल ओघळलं. कडा नीट केल्या. दुसऱ्या दिवशी जास्त झाल्या होत्या. मी खुर्चीजवळ जमिनीवर बसलो आणि नुसता बघत राहिलो. सभागृहात सामसूम. खाली आता खोकलाही नव्हता. आणि मग ऐकू आलं. टक टक टक टक. लाकडी चौकट भिंतीला लागत होती.

खाणीवरून आलेली माणसं आमच्या गावात आहेत. पाऱ्याच्या भट्टीवर काम केलेला माणूस घास तोंडाशी नेताना अर्धा सांडतो. पाण्याचा पेला त्याच्या दातांवर असाच वाजतो.

मी चौकट दोन्ही हातांनी दाबून धरली. दुपारपर्यंत तसाच उभा होतो. माझे हात गळून गेले, ते थांबलं नाही.

तेव्हापासून आसुंता रोज विचारायची. "हात?" मी म्हणायचो, "हलतोय." ती म्हणायची, "हलू दे. हलतोय तोवर बरं." कुणाला वाटेल ही दोघं वेडी झाली. झालो असू. ज्याचं जळतं त्याला कळतं.

९

जुलैच्या मध्यावर एका सकाळी मी सभागृहाचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबलो. आवाज नव्हता.

पडदा सारला. हाताची कड एकेरी, स्वच्छ, मी गजांतून बघून काढली होती तशी. बोटं लांब, निमुळती, स्थिर. फक्त नखांच्या मुळाशी काळं होतं.

पाठीमागून गास्पारसाहेब आले. वाकून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! जमला बघ शेवटी. कसा स्थिर झाला!"

मी पडदा ओढला आणि खाली उतरलो. थांबलो असतो तर खून केला असता.

आसुंता अंगणाबाहेरच्या पटांगणात होती. रात्रीच्या गारठ्यात गोठलेले बटाटे ती अनवाणी पायांनी तुडवत होती, सुकवायला. मला भलत्या वेळी येताना बघून ती थांबली.

"हात?"

"थांबला."

तिनं आधी पायांकडे बघितलं. बटाट्यांचं पाणी तिच्या बोटांतून वाहत होतं. मग म्हणाली, "खाणीवरून पत्र यायला किती दिवस लागतील?"

"दोन महिने. तीन. कदाचित येणारही नाही."

"राजाला इथं येऊन मरायला आठ महिने लागले," ती म्हणाली. "माझा माणूस काही राजा नाही. तो आजच मेला. मी आजच रडणार."

आणि ती रडली. मीही रडलो. घंटा कुणी वाजवली नाही.

१०

म्हाताऱ्या राजाच्या नावानं पुन्हा शपथ घेतली ती सांता रोसाच्या सणाला, तरुण राजा मेला त्याला वर्ष होत आलं तेव्हा. मुद्दाम कुणी ठरवलं नव्हतं, तारीख लीमाहून आली. माफीबिफीची भानगड या खेपेला नको, असं साहेबांनीच सांगितलं, त्यामुळे हाताचं चुंबन घेणारे ते एकटेच.

मी पुढेच उभा होतो, चितारी म्हणून. ऊन कडक. खिडक्यांतून पायऱ्यांवर पडलेलं. आम्ही तीनदा ओरडलो. साहेबांनी काठी डाव्या हातात घेतली, पायऱ्या चढले, गुडघा वाकवला आणि माझ्या भावाच्या हातावर ओठ टेकले. माझ्या मनात आलं, कर. नीट कर. ज्याला दोराला बांधलंस त्याच्यापुढे वाक.

त्यांना उठायला जरा वेळ लागला. उठले तेव्हा ते हाताच्या पाठीनं ओठ पुसत होते, पुन्हा पुन्हा, काही चिकटल्यासारखं. मग काठी उजव्या हातात घेतली आणि वळले.

सभागृह शांत होतं. तीनशे माणसं आणि श्वासाचाही आवाज नाही. म्हणून सगळ्यांनाच ऐकू आलं. काठीचं टोक दगडी पायरीवर वाजत होतं. टक टक टक टक.

साहेबांनी काठीकडे बघितलं. दुसऱ्या हातानं ती घट्ट धरली. मग तो दुसरा हातही हलू लागला.

मी चित्राकडे बघितलं. हात आपल्या जागी होता, निवांत. नखं गुलाबी दिसत होती.

"फार थंडी आहे रे आज," साहेब म्हणाले. कपाळावर घाम होता. ते माझ्याकडे बघत होते.

"हो सरकार," मी म्हणालो. "फार थंडी आहे."